चहाला वेळ असते



तुमच्या कॉलेजने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. पण विंगेत नऊवारी नेसून उभ्या असलेल्या मुली माझ्याकडे ज्या नजरेने बघताहेत, ते पाहता लवकर आटोपलेलं बरं. प्रेरणादायी बोला, असा निरोप होता. मी तालुक्याच्या गावातला डॉक्टर. प्रेरणेतलं मला फारसं कळत नाही, चहातलं थोडं कळतं.

'चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो' ही पाटी तुम्ही टपरीवर वाचली असेल. तिचा उत्तरार्ध मला मान्य आहे. भांडण आहे ते पूर्वार्धाशी.

आधी चहाच्या बाजूने बोलतो, कारण मीही पितोच. ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख लोकांचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण, अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसलं. लगेच टाळ्या नकोत. हे चहामुळेच घडलं, असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. शिवाय आपला चहा म्हणजे निम्मी साखरच. कपाला दोन चमचे धरले, तरी चार कपांत पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. पेढे, बिस्किटं अजून मोजलेलीच नाहीत.

आता भांडण. तुमच्यातले बरेच जण सकाळची एसटी गाठून येतात. निघताना काय खाता? चहा-पोळी. नाहीतर चहा-बटर. रात्रीची पोळी कपात बुडवून खाण्यात जी मजा आहे ती मी नाकारत नाही. पण पोळी, भाकरी, डाळ, मेथी यांतलं लोह मुळातच अंगी कमी लागतं. मटणातलं त्या मानाने सहज लागतं. त्यात चहातली टॅनिनसारखी द्रव्यं आतड्यात या लोहाला चिकटून बसतात आणि ते रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. जेवणासोबत चहा घेतला तर धान्या-भाज्यांतलं लोह शोषलं जाण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. दूध घातलं म्हणून यात फारसा फरक पडत नाही.

मुलींनो, हे तुम्हालाच का सांगतो? २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया आढळला. याचं खापर चहावर फोडणं अन्यायाचं होईल. पाळीतला रक्तस्राव आहे, जंत आहेत, आणि घरातल्या सगळ्यांची पानं उठल्यावर भांड्यात उरेल ते खाण्याची आपल्या बायकांची रीत आहे. ही रीत चहापेक्षा कितीतरी जास्त घातक. पण माझ्याकडे मुली येतात: जिना चढताना धाप लागते, वाचताना लक्ष लागत नाही. हिमोग्लोबिन नऊ. मी लोहाच्या गोळ्या लिहून देतो. दोन महिन्यांनी बघावं तर जेमतेम साडेनऊ. गोळी कशाबरोबर घेतेस, विचारलं की उत्तर येतं, "चहाबरोबर, डॉक्टर." गोळीही त्या कपातच बुडाली!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत स्पष्ट म्हटलंय, जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळा. चहा सोडा, असं कोणी म्हणत नाही. जरा सरकवा, एवढंच. आणि डाळीवर लिंबू पिळा, जेवणानंतर पेरूची फोड खा. क जीवनसत्त्वामुळे तेच लोह अंगी जास्त लागतं.

मुलांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. उकळता चहा घोटभर घेऊन 'कडक!' म्हणणं हे शौर्य नाही. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. साठ अंशांहून गरम चहा रोज सातशे मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांना, कमी आणि त्याहून निवलेला पिणाऱ्यांच्या तुलनेत, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका ९० टक्क्यांनी अधिक आढळला. त्यात दोष उष्णतेचा. आपले आजोबा बशीत ओतून फुंकर मारून प्यायचे आणि आपण त्यांना हसायचो.

परीक्षेच्या रात्रीचं एका वाक्यात सांगतो: कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा अकराच्या चहाने जागलात तर सकाळी पेपरात पेंगायची तयारी ठेवा.

कँटीनवाले मामा मागे उभे आहेत. मामा, तुमचा धंदा बुडवायचा नाही मला. डबे उघडतात त्या सुट्टीत लिंबूसरबत ठेवा, चहाचं पातेलं तासाभराने चढवा. आणि प्राचार्यसाहेब, पुढच्या महिन्यात एक दिवस द्या. हिमोग्लोबिन तपासायला मी माणसं घेऊन येतो, पैसे लागणार नाहीत. मुलींची यादी आधी करा. मुलांचीही करा, ते लाजतात.