कूलंटची टाकी गळतेय? पाणी ओतत बसू नका

आज बॉनेट उघडायचंय. गाडी थंड असेल तरच हं, त्याबद्दल पुढे बोलूच.

बऱ्याच जणांच्या गाडीत पाण्याची एक जुनी बाटली कायम पडलेली असते. प्यायची नाही, कूलंटच्या टाकीत ओतायची. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे थोडंसंच कमी होतं, आठवड्यातून एकदा टाकतो पाणी." तर कूलंट काही पेट्रोलसारखं जळून संपत नाही. ते बंद वाटेने इंजिन, रेडिएटर आणि परत इंजिन असं फिरत राहतं. वर्षभरात पातळी किंचित खाली आली तर ठीक. दर आठवड्याला उतरतेय म्हणजे कुठूनतरी बाहेर पडतंय.

आता थोडं पडलं तर एवढं काय? आपला घरातला कुकर आठवा. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. ग्लायकॉलचं कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं घेतलं की ते साधारण १०७-१०८ वर जातं. त्यावर टाकीचं झाकण आत दाब धरून ठेवतं, बहुतेक गाड्यांत एक बारच्या आसपास, आणि मग उकळणं १२० अंशांच्याही वर ढकललं जातं. टाकीला केसाएवढी चीर गेली तरी हा दाब निघून जातो. कुकरची रिंग गेल्यासारखंच. शहरात, सकाळच्या थंडीत काहीच कळत नाही. मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा चढताना, एसी चालू आणि गाडीत पाच जण, तेव्हा कळतं. वर तुम्ही नुसतं पाणी ओतत आलेले असता, म्हणजे आतलं मिश्रणही पातळ झालेलं. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, फार तापलं की वाकतं आणि हेड गॅस्केट जातं. टाकीची किंमत त्या बिलापुढे किरकोळ आहे.

आणखी एक गंमत. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा. कूलंट पार संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि दिवा उशिरा लागतो किंवा लागतही नाही. तेव्हा दिव्याच्या भरवशावर राहू नका.

ही टाकी प्लास्टिकची, दोन अर्धे जोडून केलेली. रोज तापायचं, रोज गार व्हायचं, असं करत काही वर्षांत प्लास्टिक पिवळट आणि ठिसूळ होतं आणि चीर बहुधा जोडावर जाते. मोबाइलचा टॉर्च मारून टाकीच्या खाली आणि मागे बघा. वाळलेला पांढरा, गुलाबी किंवा हिरवट थर दिसला तर गळती तिथेच. थंड गाडीत ती कोरडीच दिसेल, कारण दाब आल्यावरच ती गळते. एपॉक्सी लावून बघायची हौस असेल तर बघा, पण त्या तापमानाला आणि दाबाला ती फार दिवस टिकत नाही.

टाकीवर काहीच खूण नसेल तर लगेच नवी आणू नका. झाकणाचं रबर बघा. शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास असेल तर हीटरची कॉइल. सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर किंवा ऑइल दुधाळ, तर ते घरचं काम नाही, सरळ गॅरेज.

आता काम. तासाभराचं आहे. गाडी रात्रभर उभी असू द्या. गरम टाकीचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर येतं, इथे चालढकल नको. चावी काढून खिशात ठेवा, कारण काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होतो.

होज कुठला कुठे आहे याचा फोटो काढा. पंपाने किंवा जाड सिरिंजने टाकीतलं कूलंट काढून डब्यात घ्या. पकडीने स्प्रिंग क्लिपचे दोन कान दाबायचे आणि क्लिप मागे सरकवायची. होज चिकटलेला असेल तर ओढू नका, आधी हाताने गोल फिरवून सैल करा. दुसऱ्या टोकाला रेडिएटरची प्लास्टिकची नळी असते, ती मोडली तर खर्च भलताच वाढतो. लेव्हल सेन्सरचा प्लग असेल तर काढा, मग बोल्ट, आणि टाकी बाहेर. नवी बसवताना झाकणही नवं घ्या. जुन्या झाकणाचा व्हॉल्व्ह अडकला असेल तर नव्या टाकीलाही तोच त्रास.

कूलंट रंग बघून घेऊ नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच प्रकार घ्या, हिरवा म्हणजे हिरवाच असं काही नसतं. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळा. बोअरचं पाणी नको, आत क्षार बसतात.

खरी मेख हवा काढण्यात आहे आणि इथेच घाई होते. मॅन्युअलमध्ये वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करा. नाहीतर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर. सावकाश ओता, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. पातळी मॅक्सपर्यंत आली की झाकण लावून इंजिन सुरू करा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. एसी बंद का, तर एसीमुळे पंखा तसाही फिरतो आणि आपली फसगत होते. हीटरमधून गरम हवा यायला हवी. इंजिन तापलंय आणि हवा गारच, म्हणजे आत हवा अडकलीय. तसं झालं तर बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघा, थोडी उतरलेली असतेच. पुढचा आठवडाभर रोज एक नजर टाका आणि मगच घाटात न्या.

राहिलं ते डब्यातलं जुनं कूलंट. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असतं. पार्किंगमध्ये सांडलं तर सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. भरपूर पाण्याने फरशी धुवा, डबा घट्ट बंद करून त्यावर मोठ्या अक्षरात "विष" लिहा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या एखाद्या गॅरेजला, ते हेही घेतात का, विचारून द्या. गटारात नाही.