चौथ्या क्रमांकाच्या पुढे



थोड्या वेळापूर्वी श्रीवर्धनजवळच्या बोर्लीतल्या या महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात पहिल्या तीन क्रमांकांची नावं पुकारली गेली. त्या तिघांचं मनापासून अभिनंदन. मला मात्र आज चौथ्या क्रमांकाबद्दल बोलायचं आहे. ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉलनं गाठलेली सर्वांत वरची जागा म्हणजे चौथा क्रमांक. साल १९५६, गाव मेलबर्न. भारतानं त्या स्पर्धेत एकूण पाच गोल केले आणि त्यातले चार मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या एका खेळाडूचे होते. त्याचं नाव नेव्हिल डिसोझा.

रायगडात कबड्डीपटूंची नावं लहान पोरंही सांगतात, पण हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. म्हणूनच ते सांगायला मी इथपर्यंत आलो.

नेव्हिल १९३२ सालचा, मूळच्या गोव्याच्या समाजातला. त्या काळी गोव्याचा माणूस पोटासाठी मुंबईला यायचा आणि धोबी तलावाच्या आसपास आपल्या गावच्या नावानं चालणाऱ्या कुडात पथारी टाकायचा. तुमच्या आजोबांनी मुंबईत जशा गावकीच्या खोल्या धरल्या, तसंच ते. जहाजावरचे खलाशी, आचारी, बँडवाले, कारकून अशा या माणसांनी मुंबईच्या फुटबॉलला आणि हॉकीला कितीतरी खेळाडू दिले. नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळला, पुढे कॅल्टेक्सकडून. तेव्हा चांगला खेळाडू कंपनीच्या संघात असायचा. १९५८ साली कॅल्टेक्सनं रोव्हर्स कप जिंकला. १८९१ पासून मुंबईत भरणारी ही स्पर्धा, आणि कूपरेजच्या मैदानावर ती पाहायला लोटणारी गर्दी! आज ती स्पर्धा भरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता मेलबर्न. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. त्या संघानं माघार घेतल्यामुळे आपण खेळण्याआधीच पुढच्या फेरीत गेलो. १ डिसेंबरला समोर आला यजमान ऑस्ट्रेलिया. त्यांचं मैदान, त्यांचे प्रेक्षक. कर्णधार समर ऊर्फ बदरू बॅनर्जींचा फटका गोलच्या दांडीवर आदळून परत आला आणि नेव्हिलनं तो डोक्यानं आत घातला. ऑस्ट्रेलियानं बरोबरी केली. नेव्हिलनं दुसरा गोल केला. ऑस्ट्रेलियानं पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला २-२. दोनदा आघाडी घेऊन दोनदा हातची गेली की भल्याभल्यांचे पाय जड होतात. मध्यंतरानंतर नेव्हिलनं तिसरा गोल केला, मग कृष्णस्वामी म्हणजे किट्टूनं चौथा. ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू ठरला आणि भारत उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आशियाई देश.

उपांत्य फेरीत युगोस्लाव्हिया. याच संघानं चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला आपल्याला १०-१ असं लोळवलं होतं. तेव्हा आपले कित्येक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. प्रशिक्षक दोन्ही वेळी एकच, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शाळामास्तर. दहा गोल खाल्ले म्हणून त्यांनी खेळाकडे पाठ फिरवली नाही. संघाची चाल, मांडणी, तयारी सगळं नव्यानं बसवलं. चार वर्षांनी त्याच युगोस्लाव्हियासमोर मध्यंतरापर्यंत गोल होऊ दिला नाही आणि नंतर पहिला गोल झाला तो नेव्हिलचा. भारत १-० नं पुढे! शेवटी आपण ४-१ नं हरलो, हे खरं. पण दहा गोल खाल्लेल्या संघाला चार वर्षांत त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आघाडी घेता येते, ही गोष्ट मला हॅट्‌ट्रिकइतकीच मोठी वाटते. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानं ३-० असं हरवलं. पदक हुकलं. चार गोलांसह नेव्हिल मात्र त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक होता.

मित्रांनो, गोष्ट इथे थांबवली तर तुम्हाला आवडेल. मला इथून पुढचं सांगायचं आहे.

त्याच मेलबर्नला जपानचाही संघ होता. पहिल्याच फेरीत ऑस्ट्रेलियानं त्यांना २-० नं हरवून घरी पाठवलं. म्हणजे ज्या ऑस्ट्रेलियाला आपण चार गोल मारले, त्यांच्यासमोर जपानला एकही करता आला नव्हता. १९६० साली जपाननं डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाला बोलावलं. १९६५ साली देशभराची लीग सुरू केली, तीही कंपन्यांच्या संघांची. मुंबईत होते तसेच नोकरी करणारे खेळाडू, पण आता वर्षभर ठरलेले सामने. १९६८ साली मेक्सिकोत यजमानांनाच २-० नं हरवून जपाननं कांस्यपदक घेतलं. कुनिशिगे कामामोतोनं त्या स्पर्धेत सात गोल केले.

आपल्याकडे रहीमसाहेबांनी १९६२ साली जकार्ताला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी कर्करोगानं ते गेले. १९६० च्या रोमनंतर भारत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये दिसलेला नाही. देशाची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९९६ उजाडलं. नेव्हिल १९८० साली वारला, पन्नाशीही न गाठता. ज्याच्या पायात एवढं कौशल्य होतं, त्याच्यामागे त्याच तोडीचे वीस जण उभे करायची व्यवस्था आम्ही केली नाही. यात नेव्हिलचा काही दोष नाही. तो आपलं काम चोख करून गेला. चौथ्या क्रमांकानंतर काय करायचं, हे मागच्यांचं काम होतं.

हे बोर्लीत येऊन का सांगतोय? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा तुमच्यातले बरेच जण शाळेत होते. ज्यांनी पुन्हा रोपं लावली, त्यांना ठाऊक होतं की फळ धरायला वर्षं जातील आणि तोडणीला कदाचित पुढची पिढी असेल. तरी लावली. शिक्षणाच्या बाबतीत आपण असं वागतो का, हा माझा प्रश्न आहे. तुमच्यातल्या कितीतरी घरांत ही पहिलीच पदवी आहे. उद्या कुणी मुंबईला जाईल, कुणी दुबई-कतारला, कुणी दिघी बंदरात लागेल, कुणी वाडी आणि घरगुती खानावळ सांभाळेल. जाणारा जातो आणि त्याला जे कळलं, ते त्याच्याबरोबर जातं. कोणता अर्ज कधी निघतो, मुलाखतीत काय विचारतात, कोणत्या परीक्षेला कोणती पुस्तकं लागतात, परदेशी पाठवणाऱ्या दलालाचा कागद कसा तपासायचा, हे पुढच्या तुकडीला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

म्हणून प्राचार्यांना विनंती करून मी ग्रंथालयात एक कोरी वही ठेवून घेतली आहे. आज जेवायला बसण्याआधी प्रत्येकानं तिथे जावं. नाव लिहावं, पुढे कुठे जाणार ते लिहावं आणि मागून येणाऱ्यांना कोणत्या एका गोष्टीत मदत करू शकाल ते लिहावं. इंग्रजी चांगलं असेल तर तसं लिहा, टॅली येत असेल तर ते, पोलीस भरतीची मैदानी तयारी करून घेता येत असेल तर ते. गावीच राहणाऱ्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ कोणती देणार, तेही लिहावं. नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की ती वही पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर उघडायचं प्राचार्यांनी मान्य केलं आहे. पेन मी सोबत आणलं आहे. चला, पहिलं नाव कोण लिहितंय?