घर दाखवितांना



शाळेची तपासणी व्हावयाची असली म्हणजे आदले दोन दिवस शाळेचें रूप पालटून जात असे. फळे काळेभोर होत, नकाशांवरची धूळ झटकली जाई, आणि मोडकीं बाकें गुपचूप मागच्या खोलींत जात. ३४ वर्षें शिक्षकी केल्यामुळें हा सोहळा मीं पुष्कळ वेळां पाहिला आहे. त्यांत भागहि घेतला आहे. परंतु जे अधिकारी मुरलेले असत ते फळ्याकडे पाहतच नसत. ते सरळ शेवटच्या रांगेंत जाऊन एखाद्या मुलाची वही मागत.

या गोष्टीची आठवण होण्याचें कारण असें कीं, सेवानिवृत्तीनंतर तशीच एक तपासणी माझ्या घरीं आली. पुण्यांतील आमची तिसऱ्या मजल्यावरची जागा विकून कोठें तरी तळमजल्यावर जावें, असें आम्हीं ठरविलें. इमारतीला लिफ्ट नाहीं, आणि पत्नीचे गुडघे आतां जिना मानीत नाहींत. जागेचे चार पैसे अधिक आले तर ते हवेच होते. विकावयाचें घर दाखवावें कसें, याविषयीं त्या निमित्तानें जें शिकलों तें आज आपणांपुढें ठेवतों.

पूर्वीं गिऱ्हाईक प्रथम दारांत येई. आतां तें प्रथम मोबाइलवर छायाचित्रें पाहतें, आणि तीं पसंत पडलीं तरच जिना चढतें. म्हणून आरंभ छायाचित्रांपासून करूं. घरांत राहणाऱ्याची नजर घराला सरावलेली असते, कॅमेऱ्याची नसते. दारामागें टांगलेल्या पिशव्या, फ्रिजवर रचलेले डबे, दोरीवरचे कपडे हें सारें आपणांस दिसेनासें झालेलें असतें; चित्रांत मात्र नेमकें तेवढेंच दिसतें. तेव्हां आधीं सामान कमी करावें. ओटा मोकळा असावा. प्रत्येक खोलींत जमीन शक्य तितकी उघडी दिसूं द्यावी, कारण घेणारा माणूस तेथें मनांतल्या मनांत आपली खाट आणि आपलें कपाट मांडून पाहत असतो.

चित्रें दिवसाउजेडीं, पडदे सारून काढावीं. खिडकीकडे पाठ करून कोपऱ्यांत उभें राहावें, आणि फोन आडवा धरून छातीच्या उंचीवर सरळ ठेवावा. तो वर किंवा खालीं कलला कीं भिंती पडूं लागल्यासारख्या दिसतात. अलीकडच्या पुष्कळ फोनांत विस्तृत दृश्य टिपणारें भिंग असतें. त्यानें १० फुटांची खोली १५ फुटांची भासते. मोह होतो, परंतु दारांत पाऊल टाकतांच गिऱ्हाईक ती लबाडी ओळखतें, आणि मग आपण खरें बोललों तरी त्याचा विश्वास बसत नाहीं. त्यापेक्षां खोल्यांचीं मापें फुटांत लिहून चित्रांसोबत द्यावीं, आणि क्षेत्रफळ सांगतांना चटईक्षेत्रच सांगावें.

आणखी एक सावधगिरी. हीं चित्रें किती अनोळखी डोळ्यांपुढें जातील याचा नेम नसतो. मुलांच्या शाळेचें नांव असलेलीं प्रशस्तिपत्रें, किल्ल्यांचा जुडगा, औषधांच्या बाटल्या, कुटुंबाच्या तसबिरी या गोष्टी चित्रांत येऊं देऊं नयेत.

घर पाहावयास मंडळी येतील त्या दिवशीं सकाळींच सर्व खिडक्या उघडाव्या. गळका नळ, गेलेला दिवा, करकरणारें दार यांची दुरुस्ती अल्प खर्चांत होते. पण तीं तशींच राहिलीं तर 'न दिसणाऱ्या गोष्टींची काय अवस्था असेल?' हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनांत येतो. उदबत्तीचा घमघमाट नको. सराईत गिऱ्हाईकाला त्यावरूनच कुबट वासाचा संशय येतो. पाहुण्यांच्या पाठोपाठ खोलोखोलीं हिंडूं नये. नवराबायकोला आपसांत बोलावयास चार मिनिटें द्यावीं. खरेदीचा नोंदलेला करार, सूची क्रमांक २, सोसायटीचें भागपत्र, मिळकतकराची पावती आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचें पत्र एका धारिकेंत लावून ठेवावें.

इतकें सारें मीं केलें. शेवटची रांग मात्र राहिली होती.

आपल्याकडे पावसाचा मारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या गिलाव्याला चीर पडली कीं पाणी आंत झिरपतें, विटांतील क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतें, आणि वाळतांना ते तेथेंच सोडून जातें. यालाच आपण लोणा म्हणतों. आमच्या निजावयाच्या खोलींत, कपाटामागें, असा दोन हातांचा पट्टा होता. वैशाखांत तो कोरडा. रंगारी म्हणाला, "मास्तर, पुट्टी भरून दोन हात मारतों, आषाढापर्यंत ब्रह्मदेवालाहि कळणार नाहीं." मीं त्याला दर विचारला, हें कबूल करतों.

पत्नी दारांत उभी होती. ती म्हणाली, "अहो, काल आलेल्या त्या मुलीच्या कडेवर तान्हें होतें. त्याचा पाळणा याच भिंतीशीं लागेल."

त्या जोडप्याला जागा आवडली होती, आणि कपाट हलवून पाहण्याचें त्यांना सुचलें नव्हतें. माझ्या ध्यानांत आलें कीं, रंग न लावतांहि मीं लपवाछपवी केलीच होती. कायदाहि हेंच सांगतो, हें मागाहून कळलें. १८८२ च्या संपत्ति हस्तांतरणाच्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणें, विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला साधारण काळजीनें पाहून कळणार नाहीं असा महत्त्वाचा दोष उघड करणें हें विकणाऱ्याचें कर्तव्य आहे; तो न सांगणें हें कपट समजलें जातें.

मीं त्यांना फोन करून ओल सांगितली, आणि कपाट ओढून त्या भिंतीचें छायाचित्र पाठविलें. बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणें सोसायटीकडे असते. तसा अर्ज दिला आणि पाठपुरावा केला. पावसापूर्वीं चिरा बुजवून झाल्या. आंतला गिलावा विटेपर्यंत खरवडून भिंत वाळूं दिली, आणि मगच नवा गिलावा केला. जोडपें म्हणालें, "एक पावसाळा पाहूं द्या." आम्हीं थांबलों. मधल्या काळांत दुसरें एक गिऱ्हाईक ओलीची गोष्ट ऐकूनच निघून गेलें.

श्रावणांत तीं दोघें पुन्हा आलीं. त्या मुलीनें भिंतीला तळहात लावून पाहिला. भिंत कोरडी होती. किंमतींत त्यांनीं थोडी सूट मागितली, ती दिली. तेवढी रक्कम मला ठेवींतून काढावी लागली, आणि ती लहान नव्हती. परंतु परवां पाऊस सुरू झाला तेव्हां त्या घराची आठवण होऊनहि मला स्वस्थ झोंप लागली.

म्हणून ज्यांना घर विकावयाचें आहे त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. पहिलें गिऱ्हाईक येण्यापूर्वीं वही घेऊन आपल्याच घरांतून एकदां परक्यासारखें फिरावें आणि दोन याद्या कराव्या: एक साफ करावयाच्या गोष्टींची, दुसरी सांगावयाच्या गोष्टींची. पहिल्या यादींतलें काम एका रविवारीं उरकेल. दुसरी यादी मात्र गिऱ्हाईकानें विचारण्याची वाट न पाहतां आपणच त्याच्या हातीं द्यावी.