अंगठ्याच्या मुळाशी



बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडताना अंगठा आणि बोटं मिळून जो जोर लावतात, त्याचा खरा भार पडतो तो मनगटाला लागून असलेल्या एका लहानशा सांध्यावर, अंगठ्याच्या मुळाशी. तिथली दोन हाडं एकावर एक उलटसुलट ठेवलेल्या खोगिरांसारखी बसलेली असतात, म्हणून अंगठा पुढे, मागे, आडवा, हवा तसा वळतो. पण या मोकळीकीमुळेच तो सांधा लवकर थकतो. कूनी आणि चाव या संशोधकांनी १९७७ साली हिशेब मांडून दाखवलं, की चिमटीत एक किलोचा जोर धरला तर अंगठ्याच्या मुळाशी साधारण बारा किलोचा दाब येतो, आणि मूठ घट्ट आवळली तर तो कितीतरी पटींनी वाढतो. आता कपडे पिळणं, नारळ खवणं, सांडशीनं तापलेलं पातेलं उतरवणं, कुलपात चावी फिरवणं, ही कामं वर्षानुवर्षं करणाऱ्या हाताचा विचार करा. पन्नाशीच्या आसपास, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये अधिक, हा सांधा कुरकुरू लागतो, आणि तपासणीनंतर ऐकायला मिळतं, की गादी झिजली आहे.

झिजलेली गादी परत येईल का, हा पुढचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. त्याला ‘हो’ म्हणणारे उपचार आता मोठ्या शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावीही मिळतात. रिजनरेटिव्ह, म्हणजे पुनर्निर्मितीचे उपचार, असं त्यांचं नाव. त्यांतला सगळ्यात रुळलेला प्रकार पीआरपी. दंडातून थोडं रक्त काढतात, नळीत भरून ती सेंट्रिफ्यूजमध्ये वेगानं फिरवतात. नळी बाहेर आली की थर नुसत्या डोळ्यांनी दिसतात: तळाला गडद लाल पेशी, वर फिकट पिवळा द्रव आणि दोहोंच्या मधे पांढरट, सायीसारखी बारीक रेघ. डेंग्यूमुळे घरोघरी माहीत झालेल्या प्लेटलेट या पिवळ्या भागाच्या तळाशी, सायीजवळ, दाटून येतात. तेवढाच भाग सुईनं दुखऱ्या जागी सोडायचा. प्लेटलेटचं काम केवळ रक्त गोठवण्याचं नाही. त्यांच्या पोटात वाढीला चालना देणारी प्रथिनं साठवलेली असतात आणि जखम झाली की ती बाहेर पडतात. सांध्यातल्या गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे तिची झीज सहसा भरून येत नाही. रक्त जिथे पोचत नाही तिथे रक्तातला दुरुस्तीचा माल आपण नेऊन ठेवू, असा हा विचार आहे. तो पटण्याजोगा आहे, आणि तो मांडणारे सगळे डॉक्टर पैशासाठीच मांडतात असं म्हणणं अन्यायाचं होईल.

माझं म्हणणं एवढंच, की पुनर्निर्मिती हा शब्द पुराव्याच्या फार पुढे धावला आहे. दुखणं कमी होणं वेगळं आणि गादी पुन्हा तयार होणं वेगळं. या दोन गोष्टी एकत्र तपासणारा मोठा अभ्यास गुडघ्यावर झाला. ऑस्ट्रेलियातल्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. गुडघेदुखीच्या २८८ रुग्णांपैकी काहींना पीआरपी दिलं, काहींना साधं सलाइन. कोणाच्या सुईत काय आहे, हे रुग्णांपासून आणि सुई देणाऱ्यांपासूनही लपवलं होतं. वर्षानंतर शून्य ते दहाच्या मापावर पीआरपीवाल्यांचं दुखणं सरासरी २.१ अंकांनी उतरलं होतं आणि सलाइनवाल्यांचं १.८ अंकांनी. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. एमआरआयमध्ये कूर्चेचं आकारमान मोजलं, तर दोन्ही गटांत ते थोडं घटलेलंच होतं, आणि तेही जवळपास सारखंच. गुडघा म्हणजे अंगठा नव्हे, असं कोणी म्हणेल, आणि ते खरं आहे. गुडघा अंगाचं ओझं वाहतो, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यात जेमतेम मिलिलिटरभर द्रव मावतो. पण कूर्चा दोन्हीकडे तीच आहे. गुडघ्यात जे दिसलं नाही ते अंगठ्यात घडतं असा दावा करायचा, तर अंगठ्यावरच तेवढ्या काटेकोरपणे ते दाखवून देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर येते.

हाताच्या बाबतीत आज जे अभ्यास हाताशी आहेत, ते लहान आहेत. अंगठ्याच्या सांध्यावर ३३ रुग्णांची एक चाचणी झाली. तिच्यात वर्षाच्या शेवटी पीआरपीवाल्यांची स्थिती स्टिरॉइडची सुई घेतलेल्यांपेक्षा बरी होती. ही गोष्ट मी दडवणार नाही, ती उमेद वाढवणारी आहे. पण तिथे सलाइनचा गट नव्हता, आणि ३३ माणसांत चार-पाच जणांचं नशीब इकडचं तिकडे झालं तरी निकाल हलतो. कार्पल टनेल, म्हणजे मनगटाच्या बोगद्यात मधली नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येणं, यावर तैवानमध्ये ६० जणांत पीआरपीची तुलना रात्री बांधायच्या पट्टीशी केली. सहा महिन्यांनी पीआरपी सरस ठरलं. मात्र सुई मिळाली की पट्टी, हे रुग्णाला दिसतच असतं, आणि सुईवर माणसाचा विश्वास पट्टीपेक्षा जास्त असतो. तैवानमध्येच ४९ जणांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीनं मला अधिक विचारात पाडलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत नसेभोवती पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून चढवायच्या बाटलीतलं साखरेचं पाणी, सोडलं आणि त्याची तुलना मिठाच्या पाण्याशी केली. सहा महिन्यांनी साखरेच्या पाण्याचा गट पुढे होता. यात पेशी नाहीत, प्लेटलेट नाहीत, नवं काही घडवण्याचा दावाही नाही. चिकटलेली नस भोवतालच्या पेशीजालापासून सुटी करायची, हा त्यातला भाग आहे. बाटलीची किंमत किरकोळ, म्हणूनच बहुधा तिचा फलक कुठे लागत नाही.

आक्षेप येतो, की आपलंच रक्त आहे, नुकसान काय होणार? अंगाला होणारं नुकसान सहसा मोठं नसतं, हे खरं. दोन-चार दिवस दुखणं वाढतं, संसर्गाचा धोका थोडा पण असतो. माझी काळजी वेगळी आहे. एकाच्या दवाखान्यातलं पीआरपी आणि दुसऱ्याच्या दवाखान्यातलं पीआरपी ही एकच वस्तू नव्हे. प्लेटलेट किती पट दाट केल्या, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, सुया किती आणि किती अंतरानं, यावर एकमत नाही. गोळीच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापलेले असतात, या सुईवर तसं काही नसतं. आणि एकेका सुईला हजारो रुपये जातात. हातावर पोट असलेल्या माणसाला तो पैसा पुन्हा उभा करायला त्याच दुखऱ्या हातानं राबावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक जिवंत आहे: सुई घेतलेल्या माणसाला खरंच बरं वाटतं, मग पुरावे कशाला हवेत? त्याला बरं वाटतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण हाताची ही दुखणी चढतात आणि उतरतात. माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणं शिगेला पोचलेलं असताना, आणि तिथून ते बरेचदा आपणहून उतरतं. त्या उताराचं श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं. फ्रान्समध्ये ११२ रुग्णांवर झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे आठवावा. अंगठ्याच्या मुळाशी झीज असलेल्यांना मापानं शिवलेली पट्टी रोज रात्री बांधायला दिली. महिन्यानं पाहिलं तर पट्टी बांधणारे आणि न बांधणारे यांच्या दुखण्यात फरक नव्हता. वर्षानं पाहिलं तेव्हा तो स्पष्ट होता, दुखण्यातही आणि हाताच्या कामातही. आपल्याकडे पट्टी किती दिवस बांधली जाते? तीन आठवडे, फार तर महिना. उपयोग नाही म्हणून ती कपाटात जाते आणि माणूस महागड्या सुईकडे वळतो. ज्या उपायाला फळ यायला वर्ष लागतं त्याची परीक्षा आपण महिन्यात घेतो, आणि सुईला मात्र सहा महिन्यांची सवलत देतो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली केलेल्या शिफारशींत अंगठ्याच्या या सांध्यासाठी पट्टीची ठाम शिफारस आहे, तर गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी पीआरपी देऊ नये असं तितक्याच ठामपणे म्हटलं आहे.

स्टिरॉइडची भीती हेही लोक पीआरपीकडे वळण्याचं मोठं कारण आहे, आणि त्या भीतीत तथ्य आहे. कातडी जागच्या जागी पांढरी पडते, खालची चरबी खपाटीला जाते, मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते, आणि झिजेच्या सांध्यात पुनःपुन्हा सुया देणं चांगलं नाही. पण सगळं दुखणं झिजेचं नसतं. अंगठा मुठीत घालून मनगट करंगळीच्या बाजूला झुकवलं आणि अंगठ्याच्या बाजूनं मनगटात कळ आली, तर ते बहुधा द क्वेर्वांचं दुखणं. १८९५ साली फ्रिट्झ द क्वेर्वां या स्विस शल्यविशारदानं त्याचं वर्णन केलं. अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा ज्या अरुंद म्यानातून जातात ते म्यान जाड होतं. तान्ह्या बाळाला दोन्ही काखांत हात घालून दिवसातून पन्नासदा उचलणाऱ्या आईला ते नेमकं गाठतं. इथे एकच स्टिरॉइडची सुई बहुतेकांना आराम देते. बोट अडकून टक्कन सुटतं त्या ट्रिगर फिंगरलाही ती चांगली लागू पडते. अशा ठिकाणी केवळ नावाच्या धास्तीनं स्टिरॉइड टाळून तिप्पट-चौपट पैसे पीआरपीवर घालण्याला आधार नाही.

स्टेम सेलबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे तोलून पाहण्यासारखं फारसं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेलचा वापर अजून प्रायोगिक आहे आणि तो नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा. चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून मनगटाच्या स्टेम सेल सुईचं दरपत्रक कोणी पुढे केलं, तर तिथेच उठावं. अमेरिकेत २०१८ साली नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या अशा इंजेक्शनांनंतर १२ जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं.

मग पीआरपी घ्यायचंच नाही का? निदान पक्कं आहे, वर्षभर पट्टी आणि व्यायाम मनापासून झाले आहेत, कामाच्या पद्धतीत बदल केला आहे, पैसा उसना नाही, आणि डॉक्टर स्वच्छ सांगतात की गादी तयार होणार नाही, दुखणं कदाचित कमी होईल, तर घेणाऱ्यानं घ्यावं. माझा सगळा जोर निदान या शब्दावर आहे. पालथ्या हातावर पडल्यावर अंगठ्यामागच्या खळगीत दाबून दुखत असेल, तर पहिला एक्स-रे निर्दोष आला तरी तिथलं स्कॅफॉइड नावाचं लहान हाड मोडलेलं असू शकतं. त्याला रक्त बोटांच्या बाजूनं मिळतं, त्यामुळे मोड दुर्लक्षित राहिला तर मनगटाकडचा तुकडा रक्ताविना मरू शकतो. दोन्ही हातांची बोटं सकाळी तासापेक्षा जास्त वेळ आखडून राहत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याला रक्तचाचण्या आणि लवकर सुरू केलेली औषधं लागतात. सुयांत घालवलेले महिने सांध्याला महाग पडतात.

आणि कार्पल टनेलच्या रुग्णानं आपले दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरून पाहावेत. अंगठ्याच्या खालचा मांसल उंचवटा एका बाजूला बसका झाला असेल, बोटं दिवसरात्र बधिर असतील, शर्टाचं बटण लावताना ते हातातून निसटत असेल, तर नस निकामी होऊ लागली आहे आणि स्नायू सुकू लागला आहे. अशा वेळी ऑपरेशन टाळणं ही कमाई नसते. हात तेवढा बधिर करून, थोड्या मिनिटांत मनगटात नसेवर दाब देणारा पट्टा कापून ती मोकळी करतात आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. पण सुकून गेलेला स्नायू नंतर पूर्वीइतका भरून येईलच असं नाही, म्हणून उशीर करू नये.