मूल न होणें : दोघांचा प्रश्न

भिवंडी तालुक्यांतील वज्रेश्वरीचें देऊळ हें एका नवसाचें फळ मानलें जातें. वसईचा किल्ला हातीं आल्यास देवीचें देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनीं केला होता, अशी परंपरा आहे. १७३९ सालीं वसई पडली आणि पुढें देऊळ उभें राहिलें. नवस बोलण्याची ती रीत आजहि मोडलेली नाहीं. किल्ल्याच्या जागीं आतां पाळणा आला, एवढेंच. मूल व्हावें म्हणून नवस बोलणारीं जोडपीं महाराष्ट्रांतील कोणत्याहि देवस्थानीं आढळतात. त्यांच्याविषयीं एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. देवापुढें नवराबायको जोडीनें उभीं राहतात. डॉक्टरांपुढें मात्र पुष्कळदां बायको एकटीच जाते. या एका चालीपायीं किती संसारांची किती वर्षें फुकट जातात, याचा विचार सुशिक्षित घरांतूनहि क्वचितच होतो.

एक वर्षभर नियमित सहवास असून व संततिप्रतिबंधक साधन वापरीत नसूनहि गर्भ राहिला नाहीं, तर त्या स्थितीला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणतें. स्त्रीचें वय पस्तिशीच्या पुढें असेल तर एक वर्षाची वाट न पाहतां सहा महिन्यांनींच सल्ला घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें जगांत सुमारें सहा माणसांपैकीं एकाला आयुष्यांत केव्हां तरी हा अनुभव येतो. कारणांची वांटणी केली तर साधारणपणें तिसरा हिस्सा पुरुषाकडे व तिसरा हिस्सा स्त्रीकडे जातो; उरलेल्या जोडप्यांत दोघांतहि कांहीं उणें असतें किंवा कारण सांपडतच नाहीं. तेव्हां ‘वांझ’ हा शब्द ज्या सहजतेनें सुनेला चिकटविला जातो, तिला शास्त्राचा कसलाहि आधार नाहीं.

या व्याख्येंतील ‘नियमित सहवास’ हे शब्द भिवंडीसारख्या गांवीं फार महत्त्वाचे आहेत. भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले हजारों कामगार येथें मागावर उभे असतात, आणि त्यांतील कित्येकांचीं कुटुंबें गांवींच राहतात. वर्षांतून एकदां महिनाभर घरीं जाणाऱ्या विणकराच्या लग्नाला पांच वर्षें झालीं, तरी पतिपत्नींचा प्रत्यक्ष सहवास पांच महिन्यांचाच झालेला असतो. स्त्रीबीज महिन्यांतून एकदां, बहुधा पुढील पाळीच्या चौदा दिवस आधीं, बाहेर पडतें आणि तें फार तर एक दिवस टिकतें. पुरुषाचे शुक्रजंतु स्त्रीच्या शरीरांत सुमारें पांच दिवसांपर्यंत जिवंत राहूं शकतात. म्हणजे गर्भधारणेला अनुकूल असे दिवस महिन्यांत पांचसहाच. ते दिवस चुकले तर दोघेंहि धडधाकट असून पाळणा हलत नाहीं. अशा जोडप्याला औषधापेक्षां एकत्र राहण्याची सोय अधिक उपयोगी पडते.

सहवास असूनहि गर्भ राहत नसेल, तर पहिली तपासणी पुरुषाची व्हावी, निदान स्त्रीच्या तपासणीबरोबर तरी व्हावी. याचें कारण साधें आहे. स्त्रीच्या तपासण्या अनेक, वेळखाऊ आणि कधीं कधीं वेदनादायक असतात. पुरुषाची वीर्यतपासणी मात्र एका दिवसांत, अल्प खर्चांत आणि शस्त्र न लावतां होते. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावयाचा, आणि तासाभराच्या आंत तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा, एवढाच तिचा विधि. एक घनसेंटिमीटर वीर्यांत एक कोटि साठ लक्ष शुक्रजंतु ही जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं धरलेली खालची मर्यादा आहे. संख्या भरपूर असली तरी त्यांची हालचाल व आकार हींहि पाहावीं लागतात. एका अहवालावरून निकाल देऊं नये. दोष दिसल्यास कांहीं आठवड्यांनीं पुन्हां तपासावें. पुरुषत्व आणि शुक्रजंतूंची संख्या या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. बलवान्, निरोगी व सहवासास समर्थ अशा पुरुषाच्याहि वीर्यांत एकहि शुक्रजंतु नसूं शकतो.

पुरुषांतील दोषाचीं कारणें पुष्कळ आहेत. वृषणावरील शिरा फुगणें, मोठेपणीं झालेल्या गालगुंडांत वृषणास सूज येणें, लहानपणीं वृषण खालीं न उतरणें, गुप्तरोग किंवा क्षय यांमुळें वाहिन्या बंद होणें, हीं त्यांतील ठळक होत. तंबाखू व मद्य यांनीं शुक्रजंतूंची हानि होते. शरीर पिळदार व्हावें म्हणून तालमींतून घेतल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या सुया तर त्यांची उत्पत्तिच थांबवितात. उष्णतेचाहि विचार केला पाहिजे. वृषण शरीराबाहेर असण्याचें कारणच हें कीं, त्यांना शरीरापेक्षां दोनतीन अंश कमी उष्णता लागते. बॉयलर व भट्टी यांच्या सान्निध्यांत रोज तासन् तास राबणाऱ्या पुरुषानें ही गोष्ट डॉक्टरांस आवर्जून सांगावी. वज्रेश्वरीजवळच्या अकलोली-गणेशपुरीच्या उष्ण कुंडांत एखादे वेळीं स्नान केल्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण अपत्याची इच्छा असणाऱ्यानें रोज ऊनऊन पाण्यांत बसून राहणें टाळावें. शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून व्यसन सोडल्याचें फळ दुसऱ्या आठवड्यांत दिसत नाहीं, तीन महिन्यांनीं दिसतें.

स्त्रीच्या बाजूनें पाहतां बीज वेळेवर न सुटणें हें सर्वांत नेहमींचें कारण. पाळी दोनदोन महिने न येणें हें त्याचें लक्षण असूं शकतें. बीजकोशाचा विकार, कंठग्रंथीचा विकार व वाढलेलें वजन हीं त्याच्या मुळाशीं असतात, आणि बहुतेकांवर गोळ्यांनीं उपाय होतो. दुसरें कारण बीजनलिका बंद होणें. आपल्या देशांत याच्या मागें अनेकदां क्षयरोग असतो. क्षय म्हटला कीं खोकला डोळ्यांपुढें येतो. परंतु गर्भाशयाचा व नलिकांचा क्षय वर्षानुवर्षें खोकल्यावांचून, तापावांचून लपून राहतो, आणि पाळीचा स्राव कमी होत जाणें एवढीच काय ती खूण दिसते. दाट वस्तींत, जेथें एका खोलींत दहा माणसें निजतात, तेथें क्षय पसरण्यास अवकाश मिळतो. त्याचीं औषधें सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात. मात्र उशीर झाल्यास रोग बरा होऊनहि नलिकांचें नुकसान भरून निघत नाहीं. लवकर निदान हाच येथें खरा उपाय.

उपचारांची शिडी पायरीपायरीनें चढावी. प्रथम दिवसांचें ज्ञान, वजन, व्यसनें व इतर रोग यांची व्यवस्था. मग बीज सुटण्याच्या गोळ्या. मग पतीचें शुद्ध केलेलें वीर्य गर्भाशयांत सोडणें. आवश्यक तेथें दुर्बिणीची शस्त्रक्रिया. आणि शेवटीं शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयांत ठेवणें. ही शेवटची विद्या महाराष्ट्राला परकी नाहीं. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईंत परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारानें हर्षा चावडा हिचा जन्म झाला. प्रजननसंशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार या कार्यांत सहभागी होते. पुढें २०१६ सालीं हर्षा स्वतः माता झाली. १९९२ पासून एकच शुक्रजंतु बीजांत टोंचून गर्भ तयार करण्याची युक्तिहि साध्य झाली, आणि ज्या पुरुषांना पूर्वीं आशाच नव्हती त्यांतील अनेकांस ती मिळाली. तथापि एका खेपेस यश येण्याचें प्रमाण निम्म्याहून कमीच असतें, आणि स्त्रीचें वय वाढेल तसें तें उतरत जातें. दागिने मोडण्यापूर्वीं हा हिशेब डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्यावा. २०२१ च्या कायद्यानें अशा चिकित्सालयांना नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणीपत्र पाहण्याचा आग्रह धरण्यांत संकोच नको. शंभर टक्के खात्री देणारा, मग तो वैद्य असो, डॉक्टर असो वा बाबा असो, त्याच्या दारावरून परत फिरावें.

दुसरी बायको करणें हा एके काळीं या दुःखावरचा रूढ उपाय होता. मुंबई प्रांतानें १९४६ सालीं हिंदूंना तो कायद्यानें बंद केला. पण कायदा झाला तरी टोमणा बंद झाला नाहीं. बारशाला न बोलावणें, ओटी भरतांना वगळणें, नवऱ्याची तपासणी टाळून सुनेला एका दवाखान्यांतून दुसऱ्यांत फिरविणें, हीं शिक्षाच आहे. आणि ती बहुधा निरपराध व्यक्तीला होते. नुकसानहि शेवटीं घराचेंच होतें, कारण पतीच्या संकोचांत गेलेलीं चार वर्षें पत्नीच्या वयांत मिळविलीं जातात.

सर्व उपचार करूनहि यश न आलें तर दत्तकाचा मार्ग मोकळा आहे. आपल्या समाजांत दत्तक ही जुनीच संस्था. पूर्वीं ती वंशासाठीं होती, आतां ती बालकासाठींहि आहे. कोणत्याहि धर्माच्या व्यक्तीला बालन्याय कायद्याखालीं मूल दत्तक घेतां येतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं स्पष्ट केलें आहे. अनेक धर्मांचीं कुटुंबें एका गल्लींत राहणाऱ्या भिवंडींत हें सर्वांस ठाऊक असावयास हवें. दांपत्याच्या वयाला मर्यादा असल्यानें हा विचारहि अगदीं शेवटावर टाकूं नये.

वैद्यकानें आज पुष्कळ दारें उघडलीं आहेत. पण त्या दारांपर्यंत दोघांनीं मिळून जावें लागतें. देवीपुढें जोडीनें उभ्या राहणाऱ्या दांपत्यानें डॉक्टरांपुढेंहि जोडीनेंच बसावें, आणि वीर्यतपासणीची चिठ्ठी पतीनें आपण होऊन मागावी. अनेक घरांत उपचाराचा खरा आरंभ त्याच दिवशीं होईल.