गोळी मनाने बंद करू नका
(ज्येष्ठ सभासदांच्या आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)

महाप्रसादाला थोडा अवकाश आहे, तेवढ्यात एकच गोष्ट सांगतो. आपल्यापैकी अनेकांच्या डब्यात अशा गोळ्या आहेत, ज्यांचा गुण लगेच जाणवत नाही. मग आपण त्या मनानेच बंद करतो.

आपल्या पेशींच्या आत न्यूक्लिअर रिसेप्टर नावाची प्रथिने असतात. माणसात त्यांचे ४८ प्रकार आहेत. हार्मोन येऊन चिकटले, की ती जनुके चालू किंवा बंद करतात, दिव्याच्या बटणासारखी. दिवा लगेच लागतो. पेशीला मात्र नवी प्रथिने घडवावी लागतात, म्हणून वेळ लागतो.

मधुमेहावरची पायोग्लिटाझोन असेच एक बटण दाबते, आणि इन्सुलिन अधिक चांगले लागू पडते. पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. मात्र पायांना सूज आली, दम लागला किंवा लघवीतून रक्त गेले, तर लगेच जीपीला कळवा.

टॅमॉक्सिफेन १९६२ साली इथेच, इंग्लंडमध्ये तयार झाली. स्तनाचे पुष्कळ कर्करोग इस्ट्रोजेनवर वाढतात. ही गोळी त्याची रिसेप्टरवरची जागा अडवून बसते. गाठ काढली तरी न दिसणाऱ्या पेशी उरू शकतात, म्हणून ती पाच वर्षे, कधी दहा वर्षेही घ्यावी लागते. अंगातून गरम वाफा येतात म्हणून भगिनी ती गुपचूप सोडतात. तसे करू नका. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर संकोच न करता लगेच सांगा.

तिसरी गोळी प्रेडनिसोलोन. हे स्टेरॉइड काही आठवडे घेतले, की शरीर स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी करते. एकदम थांबवल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. भारतात जाताना गोळ्या पुरेशा न्या, हातातल्या पिशवीत ठेवा आणि स्टेरॉइड कार्ड जवळ बाळगा.

तरुण मंडळींना विनंती: शेजारच्या आजी-आजोबांना औषधाचा कागद मराठीत वाचून दाखवा, जीपीकडे सोबत जा. गोळी सोसत नसेल तर डोस बदलता येतो, दुसरी देता येते. पण न सांगता सोडलेल्या गोळीवर डॉक्टर काय करणार?