घनाकृतींची कुळें

श्रोतेहो, घनाकृतींविषयीं बोलावयाचें आणि फळा मात्र हाताशीं नाहीं; तेव्हां आपण मनानेंच साताऱ्यानजीकच्या लिंब गांवीं जाऊं. तेथें विरूबाई भोसले यांनीं इ. स. १७१९ ते १७२४ या काळांत बांधविलेली बारामोटेची विहीर आहे. एकाच वेळीं १२ मोटा चालाव्यात अशी तिची सोय. तिचा मुख्य भाग अष्टकोनी. तेवढाच घेऊन वर व तळाशीं सपाट झांकण कल्पूं. ८ भिंती व २ झांकणें मिळून पृष्ठें १०. कोपरे वर ८, खालीं ८, एकूण १६. कडा वर, खालीं व उभ्या प्रत्येकीं ८, एकूण २४.

नुसत्या पृष्ठांवरून मात्र कूळ ठरत नाहीं. चौरस बुडाचें टोकदार शिखर घ्या आणि दोन उतारांचा, तळ व दोन्ही तोंडें बंद असलेला तंबू घ्या. पृष्ठें दोहोंचीं ५ च. परंतु शिखरास कोपरे ५ व कडा ८, तंबूस कोपरे ६ व कडा ९. शिखराच्या चढत्या कडा एका बिंदूंत मिळतात, म्हणून ती सूची; तंबूचीं त्रिकोणी तोंडें समान व समांतर, म्हणून ती चिती. चिती आडवी पडली तरी चितीच! पुस्तकांतील उभ्या चित्रांस सरावलेलीं मुलें येथें हटकून अडखळतात.

आतां कोपरे व पृष्ठें यांच्या बेरजेंतून कडा वजा करा. विहीर, शिखर, तंबू, तिन्हींत बाकी २ च. ऑयलर या स्विस गणितज्ञानें हा नियम गोल्डबाख यास १७५० सालीं पत्रानें कळविला. लिंबची विहीर त्यापूर्वींच पाव शतक पुरी झाली होती.

सांगलीजवळच्या हरिपुरास हळदीचीं पेवें होतीं. पुष्कळशीं २००५ च्या महापुरांत निकामी झालीं. पेवाचें तोंड अरुंद, पोट गोल. तेथें कड कोठली मोजावी? पण पेवाच्याच घाटाच्या भरीव गोळ्यास चोहों बाजूंनीं जाळें घट्ट बसवा. गांठी ते कोपरे, दोऱ्या त्या कडा, घरें तीं पृष्ठें. बाकी पुन्हां २! म्हणजे ही बाकी सपाटपणावर अवलंबून नाहीं. तसबिरीची चौकट मात्र तिला बदलते. कोन कापून जोडलेल्या चौकटींत, सांध्यांच्या रेषा कडांत धरून, कोपरे १६, पृष्ठें १६ आणि कडा ३२ भरतात. बाकी शून्य, आणि कारण एवढेंच, कीं चौकटीस मधोमध आरपार भोंक आहे.